बिलावर घराचं दार कशाला छापायचं?

प्रश्न:

मावशी, मी २९ वर्षांची आहे. इथे वडोदऱ्यातच फाइन आर्ट्सला शिकले, चार वर्षं एका एजन्सीत होते, आणि गेली दोन वर्षं घरूनच ग्राफिक डिझाइनची कामं घेते. लोगो, पॅकेजिंग, नवरात्रीच्या आधी गरब्याचे पास आणि बॅनर. वर्षाला साधारण सात लाख सुटतात. दांडिया बाजारात आमचं जुनं घर आहे. बाबा गेल्यापासून तळमजल्यावर मी आणि आईच असतो. माझं बिल म्हणजे एक पान. वर नाव, घराचा पूर्ण पत्ता, मोबाइल. खाली पॅन, खाते क्रमांक, आयएफएससी आणि यूपीआयचा क्यूआर. एजन्सीतल्या सरांचा नमुना होता, तोच चालवला.

गेल्या नवरात्रीत एका आयोजकाने माझं बिल त्यांच्या व्हेंडरांच्या ग्रुपमध्ये टाकलं, ‘हिचा रेट बघा’ म्हणून. तेव्हापासून रात्री-अपरात्री फोन येतात. एक माणूस तर मी बाहेर असताना घरी आला, ‘बेन छे?’ म्हणाला आणि अर्धा तास ओट्यावर बसून राहिला. आई घाबरली. त्यात आता एक नवी कंपनी म्हणते, आधारची झेरॉक्स, कॅन्सल चेक आणि जीएसटी नंबर पाठवा. पत्ता काढून टाकला तर बिल कायदेशीर राहतं का? स्टुडिओच्या नावाने बिल करता येतं का? आणि जे बाहेर गेलंय त्याचं काय करू?

— दांडिया बाजारातली एक वाचक, वडोदरा

उत्तर:

पत्रात मावशी म्हटलंस, तेव्हा अहो-जाहो सोडते.

आधी आईचं बघू. ती घरात एकटी असताना अनोळखी माणूस कामाचं नाव काढून आला तर त्याला ओट्यावर बसवायचं नाही, पाणी विचारायचं नाही. हे आपल्या आयांना जड जातं, मला ठाऊक आहे. माझी आई गॅसवाल्यालाही चहा विचारायची. पण एक वाक्य तिच्याकडून पाठ करून घे: ‘ऑफिस अहीं नथी, फोन करजो.’ म्हणजे ऑफिस इथे नाही, फोन करा. तेही जाळीच्या दाराआडून. मुलगी कधी येणार, कुठे गेली, काही सांगायचं नाही. तो पुन्हा आला किंवा दुसरं कुणी घुटमळायला लागलं तर १८१. गुजरातमध्ये हा ‘अभयम्’चा नंबर बायकांसाठीच आहे, चोवीस तास चालतो, आणि गरज पडली तर त्यांची गाडीही येते. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटव. हात थरथरत असताना मोबाइलमध्ये नंबर शोधणं होत नाही.

आता बिल.

रावपुऱ्यात एका टॅक्स सल्लागाराकडे मी २२ वर्षं हिशेब लिहिले, त्यामुळे बिल हातून सुटल्यावर कुठे कुठे हिंडतं ते मला चांगलं माहीत आहे. तुला वाटतं ते क्लायंटकडे गेलं. क्लायंट ते अकाउंट्सच्या मुलाला व्हॉट्सॲप करतो. मुलगा दोन प्रिंट काढतो, पहिली पुसट आली म्हणून तिसरी. वर्ष सरलं की गठ्ठा आमच्यासारख्यांच्या टेबलावर. आमच्याकडची शिकाऊ पोरं ‘सर, हे कुठल्या खात्यात टाकू?’ हे बिलाचा फोटो पाठवूनच विचारतात, आणि तो फोटो त्यांच्या फोनमध्ये लग्नाच्या फोटोंशेजारी वर्षानुवर्षं पडून राहतो. शेवटी कपाटात जागा उरत नाही आणि सगळं पस्तीत, म्हणजे रद्दीत, जातं. एकदा खंडेराव मार्केटजवळ फाफडा घेतला. पुडी उलगडली तर आत कुणा कॉन्ट्रॅक्टरचं बिल. नाव, पत्ता, खाते क्रमांक, खाली सही, आणि पपईच्या संभाऱ्याचा पिवळा डाग बरोब्बर पॅनवर. त्या माणसाला मी ओळखतही नव्हते, पण त्याची बँक कुठली आणि तो कुठल्या सोसायटीत राहतो हे मला फाफडा संपेपर्यंत पाठ झालं होतं.

म्हणून बिलाची प्रत्येक ओळ धरून स्वतःला विचार: ही नसली तर माझे पैसे अडतील का? अडणार असतील तर ठेव. तुझ्या सरांच्या नमुन्यातल्या निम्म्या ओळी या प्रश्नाला टिकणार नाहीत. सरांचा दोष नाही त्यात. त्यांचं ऑफिस होतं, पाटी होती, लोकांनी यावं म्हणूनच पत्ता छापलेला. तू त्यांच्या दुकानाची पाटी आपल्या घराला लावलीस.

पत्त्याचा कायदा असा आहे. जीएसटीत नोंदणी असलेल्याला टॅक्स इन्व्हॉइसवर नाव, पत्ता आणि जीएसटी नंबर लिहावाच लागतो, तिथे पळवाट नाही. पण सेवा देणाऱ्याला नोंदणी लागते ती वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की. गुजरातला हीच मर्यादा आहे. तू सात लाखांवर आहेस, म्हणजे तुझं बिल हे टॅक्स इन्व्हॉइस नाहीच. तुझ्या कामाचा आणि पैशांचा तो लेखी पुरावा आहे, आणि त्यावर घर नंबर, खडकी, अमुक देवळासमोर असं लिहायची सक्ती तुझ्यावर नाही. ‘वडोदरा ३९०००१’ एवढं पुरे. एखाद्या अकाउंट्सवाल्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पत्त्याचा रकाना भरल्याशिवाय पुढेच जाता येत नसेल, तर रावपुऱ्याच्या मोठ्या पोस्टात पोस्ट बॉक्स मिळतो का ते जाऊन विचार. पोस्ट बॉक्स ही पोस्टाची जुनी सेवा आहे, वर्षाला थोडी फी भरावी लागते. किंवा ज्या मैत्रिणीचं खरंच ऑफिस आहे तिला विचारून तिचा पत्ता वापर. विचारून, बरं का. तिच्या दारात कुणी अर्धा तास बसलेलं तिलाही आवडणार नाही. नाहीतरी हल्ली टपालाने येतं काय? टीडीएसचं, म्हणजे फीतून आधीच कापलेल्या कराचं, सर्टिफिकेटसुद्धा मेलवर येतं.

त्या कंपनीला जीएसटी नंबर हवाय, त्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथे मुली चटकन फसतात. ‘घेऊन टाका ना, फुकट तर आहे’ असं कुणीही सांगतं. नोंदणी फुकट आहे हे खरं. पण जीएसटीच्या सरकारी साइटवर कुणीही, म्हणजे अगदी कुणीही, जीएसटी नंबर टाकला की नोंदणीवाल्याचं नाव आणि व्यवसायाची मुख्य जागा पडद्यावर येते. घरूनच काम करत असलीस तर ती मुख्य जागा म्हणजे तुझं घर. बिलावरून पत्ता पुसून तो सरकारी साइटवर टांगण्यात काय मिळवलंस? दुसरं, जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, गुजरातचे २४, आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे सरळ सरळ तुझा पॅन. नंबर दिला की पॅन वेगळा सांगावा लागत नाही, आणि लपवताही येत नाही. शिवाय दर थोड्या दिवसांनी रिटर्न भरत बसायचं ते वेगळंच.

कंपनीला एक पत्र दे: ‘माझी वार्षिक उलाढाल जीएसटीच्या मर्यादेच्या आत असल्याने मी नोंदणीकृत नाही, आणि बिलात जीएसटी लावत नाही.’ खाली सही, तारीख. बऱ्याच कंपन्यांकडे याचा छापील फॉर्मच असतो, फक्त मागितल्याशिवाय देत नाहीत. क्लायंट पुण्याचा-मुंबईचा असला तरी सेवेच्या बाबतीत २० लाखांची सूट लागू आहे. ‘राज्याबाहेर काम केलं की जीएसटी लागतोच’ हे वस्तू विकणाऱ्यांवरून ऐकलेलं असतं. उद्या देवाच्या दयेने २० लाख ओलांडायची वेळ आली, तर त्याच्या सहा महिने आधीच अलकापुरीत किंवा फतेहगंजला एखाद्या को-वर्किंगमध्ये टेबल घे, रीतसर करार कर आणि ती जागा मुख्य जागा म्हणून लाव. आधी घर लावून मग बदलू म्हणशील तर मधल्या काळात दार उघडंच.

पॅनला मात्र इलाज नाही, पण तो द्यायची रीत आहे. १ एप्रिल २०२५ पासून एका क्लायंटकडून वर्षाची फी ५०,००० च्या वर गेली की कंपनीला १० टक्के टीडीएस कापावा लागतो. आधी ही मर्यादा ३०,००० होती. पॅन नसेल तर २० टक्के कापतात, आणि कापलेले पैसे तुझ्या नावावर चढतच नाहीत, म्हणजे रिटर्नमध्ये परत मिळायची आशाही सोड. तेव्हा कंपनीला पॅन द्यायचा. पण एकदाच, व्हेंडर नोंदणीच्या वेळी, अकाउंट्सच्या मेलवर. दर महिन्याच्या बिलाच्या तळाशी तो छापत बसायचं कारण नाही. बिलावर ‘पॅन व बँक तपशील आपल्या नोंदीत दिल्याप्रमाणे’ ही ओळ बस झाली. आणि शेजारच्या काकांनी नातीच्या बारशाची पत्रिका करून घेतली, तर ते कुठला टीडीएस कापणार आहेत? त्यांना पॅन कशाला?

पॅनवरून काय कळतं असं तुला वाटेल. चौथं अक्षर पी म्हणजे एकटी व्यक्ती, कंपनी नव्हे, आणि पाचवं तुझ्या आडनावाचं पहिलं अक्षर. त्याहून वाईट उपयोग म्हणजे कुणीतरी घरभाड्याची खोटी पावती करतो आणि घरमालकाच्या जागी तुझा पॅन ठोकून देतो. आयकराच्या साइटवर एआयएस नावाचं वार्षिक पत्रक असतं. दर तीन महिन्यांनी उघडून बघ. न घेतलेलं भाडं किंवा न केलेली कमाई तिथे दिसली तर ‘ही माहिती माझी नाही’ असं तिथल्या तिथे नोंदवता येतं. कुणी तुझ्या नावावर कर्ज घेतलं का, हे बघायला कर्जांची नोंद ठेवणाऱ्या सिबिलसारख्या चारही संस्थांनी वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. प्रत्येकीकडून तीन-तीन महिन्यांच्या अंतराने एकेक मागवलास की वर्षभर नजर राहते.

आधार द्यायचं नाही. कर कापायला पॅन लागतो, आधार नाही. फारच अडून बसले आणि काम सोडण्यासारखं नसेल, तर आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार काढ, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात. झेरॉक्स कुठलीही असो, तिच्यावर आडवं लिही: ‘फक्त अमुक कंपनीच्या व्हेंडर नोंदणीसाठी’, आणि तारीख. अक्षरं फोटोवर आणि नंबरावर गेली पाहिजेत. कोपऱ्यात नीटनेटकं लिहिलंस तर तेवढा कोपरा कापता येतो. कॅन्सल चेकवर दोन रेघा आणि ‘कॅन्सल्ड’, सही नाही. आमच्याकडे दहातले चार चेक सही करून यायचे. सवय, दुसरं काय.

आता खातं आणि यूपीआय. खरी भीती लोकांना वाटते तिथे नाहीच. नुसता खाते क्रमांक आणि आयएफएससी कळला म्हणून कुणी पैसे काढून नेत नाही, त्यावर पैसे टाकता येतात. पण तुझी बँक, शाखा, शेवटच्या बिलाची रक्कम आणि आईचं नाव माहीत असलेला माणूस फोनवर ‘बँकेतून बोलतोय’ म्हणाला की समोरच्याला ते खरं वाटतं. अशा फोनला बिल म्हणजे तयार स्क्रिप्टच. एक गोष्ट आईलाही सांगून ठेव: पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. जो पिन टाका म्हणतो तो पैसे द्यायला आलेला नसतो. आणि जर गेलेच पैसे, तर त्याच तासात १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी नंबरावर, फोन.

दुसरी भीती फार कुणी बोलत नाही. एखाद्या क्लायंटच्या क्लायंटने कुठून तरी लबाडीने आणलेले पैसे फिरत फिरत तुझ्या खात्यात फीच्या रूपाने आले, तर पोलिसांच्या पत्रावरून बँक ती रक्कम, कधी कधी अख्खं खातं, अडकवून ठेवते. तुझा काडीचा दोष नसतो, पण सुटेपर्यंत आठवडे जातात. त्याच खात्यात आईचं फॅमिली पेन्शन, गॅसची सबसिडी, विम्याचा हप्ता असेल तर घर कसं चालणार? म्हणून कामाचं खातं वेगळं काढ. तिथे फी यायची, आठवड्याला घरच्या खात्यात वळती करायची. आणि ते खातं दांडिया बाजारच्या शाखेत नको. आयएफएससीवरून शाखा कळते, शाखेवरून मोहल्ला कळतो. बिलावरचा पत्ता काढायचा आणि शाखेचं नाव घराशेजारचं ठेवायचं, याला ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणायला हरकत नाही, फक्त भांडंही नीट लपलेलं नाही.

यूपीआयचं तर तू आत्ताच तपास. काही ॲप यूपीआय आयडी बनवताना पुढे मोबाइल नंबरच लावतात, काही तुझ्या मेलचं नाव. तुला वाटतं क्यूआर म्हणजे नुसते काळे-पांढरे चौकोन, पण दुसऱ्या फोनने स्कॅन केलं की तो आयडी अक्षरशः वाचता येतो. ॲपमध्ये जाऊन नंबर नसलेला नवा आयडी बनव, त्याचा क्यूआर काढ, आणि जुना आयडी बंद करता येत असेल तर कर. स्कॅन करणाऱ्याला बँकेतलं तुझं नाव मात्र दिसणारच, ते टळत नाही. आणि टळायला नकोही, नाहीतर लोक पैसे टाकायला घाबरतील.

मोबाइलबद्दल एकच सांगते, पण हे सगळ्यात आधी कर. ज्या नंबरावर बँकेचा ओटीपी येतो तो नंबर बिलावर नसावा. दुसरं सिम घे, त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाक, त्यातला पत्त्याचा रकाना कोरा सोड. रात्री आठनंतर ते सिम झोपलं तरी चालेल. स्टुडिओचं नाव कधी हौसेने गूगल मॅपवर टाकलं होतंस का, तेही आठव. मला शंका आहे की तो ओट्यावरचा पाहुणा बिलावरून आला की मॅपवरून. तिथे पत्ता दिसू नये अशी सोय आहे, फक्त काम करतेस तो भाग दिसतो.

स्टुडिओच्या नावाने बिल करता येतं. वर मोठ्या अक्षरात स्टुडिओ, खाली बारीक ‘प्रो.’, म्हणजे प्रोप्रायटर, आणि तुझं नाव. पण एकटीचा व्यवसाय ही कायद्याने वेगळी व्यक्ती नसते, पॅन तुझाच, नाव तुझंच. ते पूर्ण पुसायला जाशील तर टीडीएस जुळणार नाही आणि पैसे वसूल करायची वेळ आली तर ‘हे बिल कुणाचं?’ इथूनच सुरुवात होईल. स्टुडिओच्या नावाने करंट खातं हवं असेल तर बँक उद्यमचा (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) किंवा गुमास्ताधाऱ्याचा (दुकान-ऑफिसची नोंदणी) कागद मागते. उद्यमची नोंदणी जरूर कर, फुकट आहे, आणि उशिरा पैसे देणाऱ्यांना ४५ दिवसांची मर्यादा दाखवता येते. मात्र त्याचं सर्टिफिकेट कुणालाही सरसकट पाठवू नकोस. कधी नीट वाचलंयस? त्यावर पत्ता, मोबाइल, मेल तर असतोच, शिवाय मालकाचा सामाजिक प्रवर्गही छापलेला असतो. गरब्याच्या आयोजकाला तुझी जात कळायची काय गरज? द्यायचाच तर नुसता उद्यम नंबर दे, आणि तोही आधी सरकारी साइटवर स्वतः टाकून काय काय दिसतं ते बघ.

एक चूक माझी सांगते, कारण ती तूही करत असणार. एका पॅकेजिंगवाल्याचं बिल करताना मी मागच्या पार्टीची फाइल उघडली, नाव-रक्कम बदलली आणि पाठवून दिली. त्याचा फोन आला: ‘बेन, बिल माझं, पण वर नाव अमुकभाईंचं कसं?’ कागदावर सगळं बरोबर होतं. पण पीडीएफ उघडल्यावर खिडकीच्या पट्टीवर जे शीर्षक दिसतं, तिथे आधीच्या पार्टीचं नाव तसंच राहिलं होतं. आणि ते अमुकभाई त्याचे धंद्यातले कट्टर प्रतिस्पर्धी. आमच्या साहेबांना दोघांच्याही दुकानी जाऊन माफी मागावी लागली. म्हणून कोरा नमुना वेगळा ठेव, दर वेळी त्याची प्रत काढ, आणि पाठवण्यापूर्वी फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये शीर्षक आणि लेखकाचं नाव बघ. बिलाचा क्रमांकही बोलतो. फेब्रुवारीत ‘बिल नं. ४’ गेलं की वर्षभरात तुझ्याकडे किती काम होतं ते समोरच्याने ओळखलं, आणि पुढच्या वेळी तो भाव पाडणार. नोंदणी नसताना १०१ पासून सुरुवात करायला कुणाची ना नाही, फक्त पुढे क्रम तोडू नकोस, रिटर्न भरताना स्वतःलाच शोधाशोध होते.

कामाचं वर्णनही थोडक्यात लिही. ‘पॅकेजिंग डिझाइन, ३ नमुने’ पुरे. उत्पादनाचं नाव, ते कधी बाजारात येणार, हे क्लायंटचं गुपित आहे, आणि तुझं बिल त्याच्या ऑफिसात कुठे कुठे जातं ते वर सांगितलंच.

बाहेर गेलं त्याचं थोडं निस्तरता येतं, पूर्ण नाही. आयोजकाला आणि ग्रुपच्या ॲडमिनला मेसेज करून बिल डिलीट करायला सांग. तोंडी नको, लेखी. पुढे वाढलं तर तोच मेसेज हाताशी असेल. ज्यांनी आधीच पुढे ढकललं त्यांच्याकडून परत येणार नाही. वैयक्तिक माहितीचा कायदा २०२३ मध्ये झाला खरा, पण त्याच्यावर विसंबून न बसता तुझी चाल वेगळी असू दे: पत्ता बदलता येत नाही, म्हणून बाकी सगळं बदलून टाक. नवा यूपीआय, नवं खातं, नवं सिम. बाहेर फिरणारं बिल हळूहळू शिळं होतं. जुन्या चांगल्या क्लायंटांना मात्र नवं खातं मेलने नुसतं कळवू नकोस. प्रत्येकाला फोन कर, आणि त्यांना सांग की यापुढे ‘खातं बदललं’ असा माझा मेल आला तर मला फोन केल्याशिवाय पैसे टाकू नका. असे खोटे मेल येतात, आणि पैसे एकदा भलतीकडे गेले की क्लायंट म्हणतो मी दिले, तू म्हणतेस मला आले नाहीत.

हे सगळं झाकायचं ते लोकांपासून, आयकर खात्यापासून नाही, हे तुला सांगायला नको. दर बिलाची एक प्रत पूर्ण तपशिलासह तुझ्या फाइलला राहू दे.

आणि हो, त्या आयोजकाला खडसावण्याआधी एक बघ. गेल्या नवरात्रीचे त्याच्याकडचे सगळे पैसे आलेत का? पत्रात तू ते लिहिलं नाहीस. बाकी असतील तर आधी ते वसूल कर, ग्रुपचा मेसेज दुसऱ्या दिवशी.